बाहुलीचं वजन वाढलं

सकाळी नऊ वाजता जुन्या गोदामापुढची रांग चपलांच्या दुकानाला वळसा घालून गेली होती. चाळीस बायका, त्यांच्या कुशीत चाळीस गाठोडी, आणि रडण्याचा आवाज एकही नाही. आमच्या प्रसूतिगृहात सहा बाळं असली तरी माणूस स्वतःचं नाव विसरतो. इथे चाळीस, आणि चिडीचूप. लोक म्हणत होते, बघा, दूधमाईंच्या कृपेने कशी तृप्त झोपलीत. मी मात्र पुढच्या गाठोड्याला कान लावून बघत होतो.

मी त्या प्रसूतिगृहाचं स्टोअर सांभाळतो. कापूस, हातमोजे, फिनेल. कपाटात जे ठेवलं नाही ते कपाटातून निघत नाही, एवढंच माझं तत्त्वज्ञान. दूधमाईचं नेमकं उलटं होतं. ती महिन्यापूर्वी आली आणि म्हणाली, माझा हात लागला की आटलेलं दूध उतरतं. शिवाय पुरावा देते. पुरावा म्हणजे टेबलावरचा वजनकाटा, लाल आकड्यांचा. बाळाला पांढऱ्या फडक्यात गुंडाळून वजन व्हायचं. मग पडद्याआड आईच्या मांडीवर बाळ, माईचा डोक्यावर हात, गुणगुण. मग बाळ पिवळ्या कृपावस्त्रात, आणि पुन्हा काट्यावर. दोनशे ग्रॅम वाढ. सगळ्यांचं दोनशे. किरकोळ बाळाचं दोनशे, गुटगुटीत बाळाचंही दोनशे. एवढा समान न्याय मी आमच्या ऑफिसातसुद्धा पाहिला नव्हता.

नियम एकच. फडक्यात शिरल्यापासून बाहेर येईपर्यंत बाळाचं तोंड कुणी बघायचं नाही, आईनेसुद्धा नाही. बघितलं की कृपा उडून जाते.

माई दीक्षाही द्यायची. डोक्यावर हात ठेवला, छातीवर बिल्ला लावला, की बाई झाली दूधसखी. एका दुपारी तीस सख्या तयार. त्यातली एक माझी ताई.

ताईला हसायचा मला हक्क नाही. आमच्याकडे मोठ्या सिस्टर बाळंतिणींना अंगावर पाजायला मदत करणाऱ्या बायका तयार करायचा वर्ग घेतात, सहा महिन्यांचा. ताईने फॉर्म भरला होता. गल्लीतल्या निम्म्या बाळंतिणींच्या अडचणी तिनेच सोडवलेल्या. पण दहावीचा दाखला हवा, वर्ग सकाळी अकराला, म्हणजे ताईच्या शिलाईच्या कामाच्या ऐन वेळेला, आणि पुस्तक सगळं इंग्रजीत. फॉर्म खिडकीतूनच परत आला. माईने दाखला मागितला नाही. ती म्हणाली, तुझ्या हातात आहे ते मला दिसतंय. हे वाक्य आम्ही बोलायला हवं होतं.

पण आता ताईच्या घरात सतरा दिवसांचं बाळ होतं. माझ्या भाचीची मुलगी. माईचा हुकूम असा, की दिवसातून तीनदाच पाजायचं, मधल्या वेळात दूध साठू द्यायचं. जणू ती पाण्याची टाकी. चार दिवस पोर किंचाळली, पाचव्या दिवशी गप्प झाली. ताईने बिल्ला पुसून पुन्हा लावला.

धोक्याची घंटा वाजवली ती आमच्या लॉन्ड्रीतल्या मावशींनी. बाळंतिणींच्या घरचे लंगोट महिनाभर आमच्याकडे धुवायला येतात. मावशी एक गाठोडं घेऊन स्टोअरमध्ये आल्या आणि माझ्या टेबलावर आपटलं.

“हे धुवायला पाठवलेत का नुसते हवा खायला? तुमच्या भाचीच्या घरचे आहेत. काल आठ आले, त्यातले सात कोरे.”

मी म्हटलं, काम कमी झालं, बरंच झालं की.

“साहेब, दूध पिणारं पोर दिवसाला सहा तरी ओले करतं. हे पोर पीत नाहीये. झोपत पण नाहीये, त्याच्यात रडायचा जीव राहिला नाहीये.”

हे यांना कसं कळलं? लॉन्ड्रीची खिडकी वर्गाच्या खोलीत उघडते. मावशींचाही फॉर्म परत आलेला. तेव्हापासून त्यांनी चादरी वाळत घालता घालता दोन बॅचचा अभ्यासक्रम ऐकला होता. सिस्टरांची इंग्रजी पुस्तकं गेली खड्ड्यात, त्या समजावून सांगायच्या आपल्याच भाषेत.

मी ताईकडे धावलो. ती म्हणाली, तू फिनेलच्या बाटल्या सांभाळ. उद्या माई वजन करणार आहेत, तेव्हा ये आणि डोळ्यांनी बघ. भाची पोरीच्या नाकासमोर बोट धरून बसली होती.

म्हणून आम्ही त्या रांगेत होतो. पुढे ताई आणि भाची, मागे मी, आणि सगळ्यांच्या पुढे घुसून मावशी, कडेवर गाठोडं. गाठोड्यात होती वर्गातली सरावाची कापडी बाहुली. मावशींनी ती धुतली होती, घाईत पुरती वाळलीच नव्हती. मावशींनी डोळे टिपत सांगितलं, नातवंड आहे, सून आजारी आहे.

तोंड बघायचं नाही हा नियम माईचाच. पांढऱ्या फडक्यातलं वजन झालं, माईने गाठोडं उचललं, डोळे मिटले आणि म्हणाली, या जिवाने फार सोसलंय. त्यात तथ्य होतं, सहा वर्षं शिकाऊ बायका त्या बाहुलीला उलटसुलट धरत होत्या. पडद्याआड गुणगुण झाली. आई नव्हती म्हणून माईने ती स्वतःच मांडीवर घेतली होती, तेवढ्यात बाहुलीतून उरलेलं पाणी माईच्या मांडीवर ठिबकलं. माईची सेविका आनंदाने ओरडली, “भिजवलं! पोट भरलं!” पिवळं वस्त्र आलं, मावशींनी पाठमोरं होऊन बाहुली त्यात गुंडाळली, काटा लागला. दोनशे ग्रॅम वाढ. टाळ्या.

मावशींनी वस्त्र सोडलं आणि बाहुली पायाला धरून उंच केली.

मला वाटलं, आता माई संपली. कसलं काय. मागून एक बाई भारावून म्हणाली, बाहुलीलासुद्धा दूध चढवलं. लोक हात जोडून खाली बसले. दोघा-तिघांनी मावशींना दंडाला धरलं. माई गोड हसली. इतक्या माणसांनी एकदा बघायचं नाही असं ठरवलं, की त्यांच्यासमोर काहीही घडू शकतं.

मावशी शांतपणे म्हणाल्या, “आता नुसतं फडकं ठेवा काट्यावर.”

पुढे झाली ती भाची. तिने पांढरं फडकं ठेवलं, साठ ग्रॅम. पिवळं ठेवलं, दोनशे साठ. मग तिने पिवळ्या वस्त्राची किनार दातांनी उसवली. शिशाच्या बारीक गोळ्या काट्यावर टपटपल्या. तिने काटा झटकून रिकामा केला, आपल्या पोरीचे सगळे कपडे उतरवले आणि तिला उघडं काट्यावर ठेवलं. पोर रडली नाही. जन्माच्या वेळी दोन हजार नऊशे होती. काटा चोवीसशे वीस म्हणाला.

ताईने बिल्ला काढला नाही. तिच्या लक्षातच राहिला नाही तो. ती पोरीला छातीशी धरून आमच्या प्रसूतिगृहाकडे धावत सुटली, आणि तिच्यामागे निम्मी रांग.

पोरीला दूध ओढायचीही ताकद नव्हती. सिस्टरांनी सलाईन लावलं. मावशींनी भाचीला हाताने दूध काढायला शिकवलं, चमच्याने घालायला शिकवलं, दर दोन तासांनी. तिसऱ्या दिवशी दुपारी पोरीने डोळे उघडले आणि अख्खा वॉर्ड हादरेल असं भोकाड पसरलं. भाची हसली, मग रडली. त्याच रांगेतल्या एका बाळाला मात्र आणायला उशीर झाला होता. त्याची आई अजून आमच्या पायऱ्यांवर येऊन बसते.

सिस्टरांनी आता दाखल्याची अट काढलीय. वर्ग संध्याकाळी कामावरून सुटल्यावर, टिपणं आपल्या भाषेत, परीक्षा तोंडी, लेकरांना सोबत आणा. मावशी वर्गात पहिल्या. ताईने पहिल्याच दिवशी उभं राहून आपण काय केलं ते सगळं सांगितलं. मावशींनी शेजारी सरकून तिला जागा दिली.

त्या गडबडीत निसटलेली दूधमाई दुसऱ्या गावात गोदाम शोधते आहे, असं कळलं. तिचे एकोणतीस बिल्ले अजून फिरताहेत. तेव्हा एवढंच सांगतो. तुमच्या बाळाचं वजन करायचं तर उघडं करा. बघू नका असं कुणी म्हणालं, तर आधी बघा. आणि ज्या बाईला शिकायचंय तिचा फॉर्म खिडकीतून परत पाठवू नका. आपण परत पाठवलेल्या बायका कुठे जातात, ते मी त्या रांगेत उभं राहून पाहिलंय.