सासऱ्यांचा ग्रह

सभागृह खगोलशास्त्रज्ञांनी गच्च भरलं होतं आणि प्रत्येकाच्या हातात एकेक पिवळं कार्ड होतं. ग्रह कोणाला म्हणायचं, हे आज मतदानाने ठरणार होतं. आकाशाचा निकाल सोसायटीच्या बैठकीसारखा हात वर करून लागतो, याचं सुनेला एरवी हसू यायचं. आज मात्र हसू येत नव्हतं.

कारण मामला घरचा होता. तरुणपणी तिच्या सासऱ्यांनी एक ग्रह शोधला आणि उभी हयात त्याच्यापायी घालवली. मुलाचं लग्नसुद्धा त्यांनी आपल्या सर्वांत हुशार विद्यार्थिनीशी जुळवलं, म्हणजे जेवतानाही ग्रहावर बोलायला कोणीतरी असावं. आणि याच सुनेला त्या ग्रहाच्या वाटेवर तेवढाच आणखी एक गोळा सापडला. तेव्हा दोघांनी आनंदाने घर डोक्यावर घेतलं होतं. मग दुसरा सापडला, तिसरा सापडला, आणि जेवणाच्या टेबलावर हवापाण्याच्या गप्पा सुरू झाल्या.

नवा नियम साधा होता. ग्रहाने सूर्याभोवती फिरावं, स्वतःच्या वजनाने तो गोल झालेला असावा आणि आपल्या वाटेवर त्याचं एकट्याचं राज्य असावं. सासऱ्यांचा ग्रह पहिल्या दोन अटींत पास होता. तिसरीत त्याला सुनेच्याच मोजणीने नापास केलं होतं.

"नियम मान्य असेल त्यांनी कार्ड वर करा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

पहिलं कार्ड पुढच्या रांगेतून वर गेलं. ते सासऱ्यांचं होतं.

सभागृहात कुजबुज पसरली. सुनेला तर आपण काय बघतोय हेच कळेना. सकाळी हा माणूस मुकाट्याने टोस्टला लोणी लावत होता, एका शब्दाने बोलला नव्हता. बघता बघता सभागृह पिवळं झालं. तिचं कार्ड मांडीवरच राहिलं.

"अमान्य?"

तिचा हात वर गेला. तो कसा गेला, हे तिचं तिलाही कळलं नाही. आजूबाजूचे लोक माना वळवून बघायला लागले. जिच्या पुराव्यावर नियम उभा होता, तीच विरोधात होती. नियम अर्थातच मंजूर झाला.

बाहेर व्हरांड्यात सासऱ्यांनी तिला गाठलं.

"तुझी मोजणी चुकली होती का गं?"

"नाही, बाबा."

"मग नियम चुकीचा वाटतो?"

"तसंही नाही. तुमचा ग्रह होता. मला बघवलं नाही."

ते भिंतीला टेकले. आता पाठीवर हात फिरवतील, असं तिला वाटलं होतं. त्यांचा चेहरा मात्र थोबाडीत बसल्यासारखा झाला होता.

"ग्रह जाणार, हे मी कधीच पचवलं होतं," ते हळू म्हणाले. "माझ्यामागे खरं तेच सांगणारं माणूस घरात आहे, या भरवशावर पचवलं होतं. आता तो भरवसा कुणावर ठेवू, सांग."