टेपचं दुसरं टोक

कोचनी कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाला पहिल्यांदा शिकवलं ते नेम धरणं नव्हे. फाउल झाला की पंचांनी बोट दाखवायच्या आधी आपण हात वर करायचा, हे त्यांनी शिकवलं. "मान खाली घालायची नाही. हात वर करायचा आणि पुढे खेळायचं," ते म्हणत. जी हात वर करायची नाही तिला ते बाकावर बसवत, मग सामना हातचा गेला तरी बेहत्तर.

त्या संघातली सगळ्यांत बुटकी खेळाडू म्हणजे चिमणी. शिकून झाल्यावर ती त्यांची मदतनीस झाली. पुढे कोच कॉलेजचे क्रीडा संचालक झाले आणि संघ तिच्याकडे आला. मुली तिला ताई म्हणू लागल्या. वरच्या मजल्यावरच्या खोलीत जाण्याआधी गळ्यातली शिट्टी काढून तिला देत ते म्हणाले होते, "मी वर बसलोय तोवर तुझ्या कोर्टाला कोणी हात लावणार नाही."

परवा-परवाच ते मोजायची टेप घेऊन खाली आले होते.

"चिमणे, धर जरा हे टोक."

तिने धरलं. दोघांनी कोर्ट लांबीत मोजलं, रुंदीत मोजलं. कोपऱ्यातल्या फळ्या कधीच्या उचकटलेल्या. तिने आनंदाने विचारलं, "नवं लाकूड घालताय का सर?"

"बघू या," ते म्हणाले आणि टेप गुंडाळून गेले.

तिने लगेच मुलींना सांगून टाकलं. एक जण म्हणाली, "चला, आता पडले तरी गुडघा शाबूत राहील."

आणि आज ती सरावाला आली तर दोन कामगार शिडीवर चढून रिंग उतरवत होते.

"दुरुस्तीला नेताय?" तिने विचारलं.

"नाही हो ताई. इथे व्यायामाची मशिनं येणार. बाहेरच्या लोकांसाठी. साहेबांनी सांगितलंय."

ती तशीच जिना चढून गेली.

"बस. चहा सांगतो," संचालक म्हणाले.

"चहा नको सर. संघाचं काय?"

त्यांनी टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडे केला. "संघ बंद करावा असं समितीचं मत पडलं."

"समितीपुढे मांडलं कोणी?"

"या खुर्चीतून सगळं दिसतं, चिमणे. खालून तेवढं दिसत नाही."

"खालून तुम्ही दिसत होतात सर. कोणी मांडलं?"

"कोणीतरी मांडायलाच हवं होतं."

ती म्हणाली, "टेप धरायला मलाच का बोलावलंत?"

"शिपाई जेवायला गेला होता."

यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच ते तिच्या फार जिव्हारी लागलं. "मुलींना तुम्हीच सांगा," एवढंच ती म्हणाली.

ते खाली आले. मुली बुटांच्या नाड्या बांधून रांगेत उभ्या होत्या. रिंगच्या जागी भिंतीला नुसती भोकं उरली होती.

"महाविद्यालयाने असा निर्णय घेतला आहे," त्यांनी सुरुवात केली आणि सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर कर्णधार मुलीने विचारलं, "पण सर, ठरवलं कोणी?"

सगळ्या त्यांच्या हातांकडे पाहू लागल्या. सवयच होती ती. हात पाठीमागे होते, एकात एक अडकवलेले.

चिमणीने वाट पाहिली. पंच पाहतात त्याहून थोडी जास्तच. मग तिने स्वतःचा हात वर केला.

"मोजणी झाली तेव्हा टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं. नवं लाकूड येणार म्हणून तुम्हाला खुळी आशा लावली, तीही मीच."

"आणि पहिलं टोक, ताई?"

ताईने गळ्यातली शिट्टी काढून सरांपुढे धरली.

ती घ्यायला त्यांना हात पुढे आणावाच लागला. तो कमरेपर्यंत आला, शिट्टी घेतली आणि पुन्हा पाठीमागे गेला.