सगळ्यांना सारखीच ऊब

काचेच्या पेटीत डुकराचं पिल्लू ठेवायचं, झाकण लावायचं आणि आत-बाहेर जाणारी हवा मोजायची. पिल्लाने दोन तासांत किती शक्ती खर्च केली ते यंत्र सांगतं. प्रयोगशाळेतलं हे यंत्र भाऊ एकोणीस वर्षं सांभाळत होते. ते बिघडायच्या आधी भाऊंनाच ताप येतो, अशी सगळे चेष्टा करत.

गेलं वर्षभर संशोधक बाई एकाच प्रश्नामागे हात धुऊन लागल्या होत्या. पिल्लू जन्मतः अंगात जेमतेम लोह घेऊन येतं, आईच्या दुधातही ते पुरेसं नसतं, म्हणून तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन देतात. बाईंनी निम्म्या पिल्लांचं इंजेक्शन काही आठवडे लांबवलं आणि मग सगळ्यांना एक लस टोचली. लस टोचली की शरीर रोगाशी लढायची तयारी करतं, त्याला शक्ती लागते. लोह न मिळालेल्या फिकट पिल्लांना ती जवळजवळ दुप्पट लागते, असं आकडे सांगत होते. शुक्रवारी बाई हे समितीपुढे मांडणार होत्या, आणि त्यावरच त्यांची कायमची नेमणूक ठरणार होती.

मंगळवारी पेटीची काच पुसताना भाऊ थबकले. फिकट पिल्लू पाय पोटाशी घेऊन, केस उभारून कुडकुडत होतं. शेजारच्या पेटीतलं गुलाबी कानांचं मात्र ऐसपैस पसरलेलं. दोन्ही पेट्यांत सव्वीस अंश. कुणावर अन्याय नको म्हणून वर्षभर सगळ्यांना सारखंच. पण अंगात रक्त कमी, त्याला तेवढी ऊब कुठली पुरायला? कुडकुडायलाही शक्ती लागते, आणि लढाईची शक्ती कुठली नि थंडीची कुठली हे यंत्राला काय कळणार!

रात्री घरी भाऊंनी ताट अर्धवटच बाजूला सारलं. "मशीन आजारी आहे की तुम्ही?" बायकोने विचारलंच.

गुरुवारी सकाळी त्यांनी धीर करून बाईंना सांगितलं. बाई पेटीसमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि तासभर पिल्लाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पेटीचं तापमान तीस केलं. हळूहळू पिल्लाचे पाय सैलावले, ते झोपलं, आणि यंत्रावरचा आकडा उतरत गेला. तरी तो गुलाबी पिल्लाच्या थोडा वरच थांबला.

"तेवढाच फरक खरा," बाई म्हणाल्या. "बाकीची सगळी थंडी."

भाऊंसमोरच त्यांनी वरिष्ठांना फोन लावला. "उद्याचं मांडणं रद्द करा. माझे आकडे चुकलेत... नाही, मशीन ठीक आहे. तापमान मी ठरवलं होतं." पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. बाई "हो, कळतंय मला" एवढंच म्हणत होत्या.

फोन ठेवून त्यांनी विचारलं, "भाऊ, तुमच्या हे कधी लक्षात आलं?"

"मंगळवारी," भाऊ पुटपुटले. "तुमची नोकरी डोळ्यांपुढे आली. वाटलं, गप्प बसावं. कुणाला कळणार होतं?"

"मग बोललात कसे?"

"तुम्हाला कळलं असतं कधीतरी. तेव्हा तुम्ही माझ्याकडे कसं बघितलं असतं, ते सहन झालं नसतं."

बाईंचे डोळे भरून आले. त्या उठल्या आणि फ्रिजमधून लोहाची बाटली काढली. "प्रयोग तर गेलाच. ही बिचारी आता कशाला ताटकळत ठेवायची?"

भाऊंनी एकेक फिकट पिल्लू धरलं, बाईंनी टोचलं. वर्ष पाण्यात गेलेल्या माणसाचा हात इतका स्थिर! एवढ्या मोठ्या मनाच्या बाईपासून आपण दोन दिवस लपवत राहिलो, याची भाऊंना आता खरी लाज वाटली.

शेवटचं पिल्लू खाली ठेवून बाई म्हणाल्या, "वरिष्ठ म्हणतात, नेमणुकीचं आता काही सांगता येत नाही. पण सहा महिने दिलेत. सोमवारी नवी पिल्लं येतील. या वेळी तापमान तुम्ही ठरवायचं."