शर्टाच्या पाठीला चुना

मित्रांनो, मी एक जुनी इस्त्री आहे. कोपऱ्यावरच्या लहानशा दुकानात, एका लांब टेबलावर माझं आयुष्य गेलं. कारखान्यात मला ओतलं, घासूनपुसून चकचकीत केलं आणि मी काकूंच्या हाती आले. "काकू, तुमच्या घडीला तोड नाही!" असं गिऱ्हाईक म्हणालं की मीच फुगून जायचे.

मला एक खोड मात्र आहे. कपडा माझ्याखाली आला की तो कुठे जाऊन आलाय याचा मला वास लागतो, आणि मग मनात शंकेची पाल चुकचुकते.

काकूंचे यजमान बर्फाच्या कारखान्यात कामाला होते. तिथे ना खिडकी, ना ऊन. घरी यायचे ते गारठलेले, गप्प. निवृत्त झाले आणि एकाएकी शीळ घालायला लागले! जेवण झालं की बाहेर पडायचे आणि चेहरा खुलवून परतायचे. कुठे गेला होतात, असं विचारलं की म्हणायचे, "असंच."

हा "असंच" मला पहिल्यापासून खटकला. त्यात त्यांचे शर्ट! छातीवर रंग विटलेला आणि पाठीला चुना. कोण कोणाला चुना लावत होतं?

काकूंची नणंद एकदा हळूच म्हणाली, "वहिनी, माझा सख्खा भाऊ आहे, तरी सांगते. पाणी कुठेतरी मुरतंय."

काकू विचारात मला उचलायला विसरल्या आणि गिऱ्हाइकाची कॉलर जळाली. असं कधीच झालं नव्हतं.

दुसऱ्या दुपारी यजमान निघाले, तशा काकू मला हातात धरूनच दारात उभ्या राहिल्या.

"आज सांगितल्याशिवाय जायचं नाही. कोण आहे ती?"

"ती?" यजमान गोंधळले. "अगं, भिंत आहे!"

"भिंत?"

"पाण्याच्या टाकीमागची. दुपारी तिच्यावर ऊन येतं. पाठ टेकून बसलं की हाडं मोकळी होतात गं. बस, एवढंच."

"मग लपवायचं काय त्यात?"

यजमानांनी मान खाली घातली. "तू इथे दिवसभर उभी, आणि मी तिकडे सुखात बसलेला. कोणत्या तोंडानं सांगू?"

माझा विश्वास बसला नाही. काकूंचाही नाही. त्यांनी माझी वायर काढली, दुकानाला कुलूप घातलं आणि त्या यजमानांच्या मागोमाग गेल्या. मी टेबलावर निवत राहिले. नाही नाही ते मनात आलं. भांडण झालं असेल का? काकू परत येतीलच ना?

ऊन उतरल्यावर दार उघडलं. काकूंनी मला उचललं. मी गार पडले होते आणि त्यांचा हात मात्र उबदार होता. इतक्या वर्षांत प्रथमच.

"काय झालं, वहिनी?" नणंद धावत आली.

"भिंतच होती गं."

"मग इतका वेळ?"

"मीही बसले," काकू लाजून म्हणाल्या. "डोळा लागला."

आता रोज दुपारी दुकान बंद असतं. आपले दिवस भरले की काय, असं मला अजूनही वाटतं. स्वभावाला औषध नाही. म्हणून मित्रांनो, एवढं ऐका. आमच्यासारख्या जुन्यांची वायर पिळू नका. आणि घरात कोणी उगाचच खूश दिसलं, तर जाब विचारू नका. "मीही येऊ का?" एवढंच विचारा.