दोन तिरक्या रेघांमागची ओळ

/

मी एक जुनी ओळ आहे. वहीतली नाही. एका वेबसाइटच्या पोटात जावा नावाच्या भाषेत लिहिलेल्या नऊ हजार ओळी आहेत, त्यांतली मी चारशे बारावी. माझ्यापुढे आता दोन तिरक्या रेघा आहेत. अशा रेघा असलेली ओळ कंप्युटर वाचत नाही, माणसे वाचू शकतात. तेव्हा मित्रांनो, हे तुमच्यासाठीच आहे.

/तपासणी

यवतमाळला लागून लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये एक संस्था आहे. ती गावोगाव शिबिरे घेऊन सिकलसेलसाठी रक्त तपासते. हा रक्ताचा आजार आईबापांकडून मुलांत येतो, म्हणून सोयरीक जुळवताना रक्ताचा अहवाल मागणारी घरे आता इकडे बरीच आहेत. संस्था कागद देत नाही. नंबर देते. नंबर आणि जन्मतारीख टाकली की अहवाल फोनवर उघडतो.

पण तो ठेवला कुठे आहे, हे कोणीतरी सांगावे लागते. ते माझे काम होते.

मला संस्थेची साइट बांधणाऱ्या बादलने लिहिले. नोकरीचा दुसरा आठवडा, समोर जेवणाचा उघडा डबा. माझ्यात एवढेच होते: /तपासणी/अहवाल/. पहिला शब्द घराचा, दुसरा खोलीचा, पुढे ज्याचा त्याचा नंबर. ‘तपासणी’ हे तेव्हा साऱ्या वेबसाइटचेच नाव होते.

बादलच्या तांड्यात कोणी फोन करून घर विचारले, तर आधी उलट विचारतात, तुम्ही उभे कुठे आहात. मग तिथून वाट सांगतात. बादल त्यातच वाढला. मला मात्र त्याने विचारायला शिकवले नाही. पाठ करायला लावले.

/तपासणी/अहवाल

सहा वर्षे मी पाठ म्हटले. शिबिरात रक्त घेणारी नर्स रुपीबाई एकदा म्हणाली, “बादल भिया, तुही साइट काही बंद पडत नाही.” बादल खूश झाला. ओळीचे नाव कोणी घेत नाही, तसे घेतलेही नाही.

/आरोग्य

मग संस्थेने डोळे आणि दातही तपासायला घेतले, आणि साइटचे नाव बदलून ‘आरोग्य’ केले. बादलने सर्व्हरवर नवे नाव चढवले. अहवाल होते त्याच खोलीत राहिले. मला कोणी काही सांगितले नाही. मी येईल त्याला जुन्या घरी पाठवत राहिले. त्या नावाचे घर उरले नव्हते. पडद्यावर दोन शब्द येत: सापडत नाही.

असे तीन आठवडे. लोकांचे फोन येत. बादल आपल्या टेबलावरच्या कंप्युटरवर नमुन्यादाखल ठेवलेला एक अहवाल उघडून पाही. त्या कंप्युटरवर त्याने जुनेच नाव ठेवले होते, त्यामुळे तिथे तो उघडे.

“नेटवर्क नसन जी,” तो म्हणे.

/सापडत नाही

एका मंगळवारी नेरहून इंदूबाई आल्या. बरोबर मुलगी खुशी. इंदूबाई खुर्ची असून बसल्या नाहीत.

“माह्या पोरीचा अहवाल कुठं टाकला तुम्ही?”

“साइटवर आहे न मावशी.”

“मंग सोयऱ्याले काहून नाही दिसत? गोपालभाऊ म्हणते, दोन वर्सं होता तर आताच काहून नाही? तुम्हीच काढून घेतला म्हणते. रविवारचं साक्षगंध थांबवलं त्याईनं.”

गोपालभाऊ केळापूरचे, खुशीचे होणारे सासरे.

“पुन्हा रक्त घेऊ,” रुपीबाई म्हणाली. “आठ दिवसांत मिळन.”

“एकदा दिलं न? पुन्हा दिलं म्हणजे पयल्यांदा लबाडी केली, असंच म्हणन लोक.”

बादलने तोच नमुन्याचा अहवाल उघडला. “हे पाहा, इथं तर उघडून राह्यला.”

“म्हणजे आमचा फोनबी लबाड?”

खुशीने फोन कानाला न लावता टेबलावर ठेवला आणि आयुषला लावला. आयुष म्हणजे गोपालभाऊंचा मुलगा, तिचा होणारा नवरा.

“तुमचा अहवाल पाह्यला का कोणी?”

“माहा? मागतलाच नाही कोणी. मीबी नाही पाह्यला.”

“पाहू का मी?”

“पाहा न. लिहून घ्या नंबर.”

तिने नंबर टाकला, तारीख टाकली. पडद्यावर तेच दोन शब्द आले.

आता इंदूबाई बसल्या. “त्याईनंबी लपवला मंग,” त्या म्हणाल्या.

रुपीबाईला हसू आले. बादलला आले नाही. त्याने खुशीचा फोन हातात घेतला, वरच्या पट्टीतला पत्ता वाचला, आणि वळून माझ्यापर्यंत आला. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याने मला पाहिले.

“मावशी, हे मीच लिहिलेलं आहे,” तो म्हणाला. “चूक माही. तुमची नाही, न त्याईचीबी नाही.”

/आरोग्य/अहवाल

माझ्या खाली त्याने नवी ओळ लिहिली. तिला काही पाठ नाही. दर वेळी ती आधी सर्व्हरला विचारते, आज आपले नाव काय, आणि तिथून वाट सांगते. साइट पुन्हा चढायला चार मिनिटे लागली. दोन्ही अहवाल उघडले.

आयुष अजून फोनवर होता. रुपीबाईने त्याला विचारले, “सगळ्यांदेखत वाचू का?”

“वाचा.”

“खुशीचा साफ आहे. तुम्ही वाहक आहे. तुम्हाले त्याचा काही त्रास नाही. दोघंही वाहक असते तर पोराले आजार व्हायचा भेव होता. इथं तसं नाही.”

मी अहवाल उघडत नाही, फक्त वाट सांगते. त्यामुळे ते शब्द मीही तेव्हाच ऐकले.

“बाबा म्हणे, आपलं काय पाह्याचं,” आयुष म्हणाला.

“मले चालते,” खुशी म्हणाली. “पण माह्या आईले फोन तुमच्या बाबानं करायचा. तुम्ही नाही.”

चहा संपायच्या आत इंदूबाईंचा फोन वाजला. त्यांनी तो वाजू दिला, पूर्ण. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा बशी खाली ठेवून उचलला.

“बोला गोपालभाऊ.” बराच वेळ त्या ऐकत होत्या. “हो, सापडला. दोन्ही सापडले.” मग थोडे थांबून, “रविवारीच करू. पण या वेळी तुम्ही या नेरला विचाराले.”

//

बादल मला पुसणार होता. खुशी म्हणाली, “राहू द्या न दादा. उद्या दुसरं कोणी असंच लिहीन, त्याले दिसलं पाह्यजे.” म्हणून त्याने पुसले नाही. पुढे या दोन रेघा दिल्या.

मित्रांनो, घराचे नाव बदलाल तेव्हा आतल्या जुन्या ओळींनाही एकदा विचारून पाहा, त्यांना काय पाठ आहे ते. आणि पडद्यावर ‘सापडत नाही’ आले, तर ते माझ्यासारखीचे बोलणे समजा. माणसाबद्दल मला काहीच ठाऊक नसते. मी कोणाला लबाड म्हटले नव्हते. पण ऐकणाऱ्यांनी तसे ऐकले, आणि मला दुसरे शब्द येत नव्हते.

माझ्या खालची ओळ आता काम करते. येणाऱ्या प्रत्येकासाठी ती आधी विचारते. मी ऐकते.