पंचवीस अक्षरांची किल्ली

रविवारी दहाला येते म्हणालेली मास्तरीण नऊलाच येऊन टपकली, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

ती खरोखरच शाळेत कॉम्प्युटर शिकवायची, पण नाव त्याआधीचं. सहा वर्षांची असताना तिनं दुकानाच्या पाटीवरची चूक काढली होती, तेव्हा बाबांनीच ठेवलेलं. बाबा यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचे अनुवादक. पंप, कॉम्प्रेसर, लिफ्टच्या मोटारी. ‘गरम भागाला हात लावू नका’ हे वाक्य त्यांनी एकतीस वर्षांत किती वेळा लिहिलं असेल, देव जाणे. वय अडुसष्ट झालं तरी काम जोरात होतं. गेल्या पाच महिन्यांत आठ पुस्तिका. मास्तरीण शाळेत सगळ्यांना अभिमानानं सांगायची.

पंपांच्या कंपनीचं पत्र आलं होतं. पुढच्या महिन्यापासून ज्याच्या लॅपटॉपच्या डिस्कला कुलूप असेल, त्यालाच काम. ही कुलपाची सोय बाबांच्या लॅपटॉपवरच्या घरगुती आवृत्तीत नव्हती, वरच्या प्रो आवृत्तीत होती. कंपनीनं त्यासाठी एक कार्डही पाठवलं होतं. त्यावर पंचवीस अक्षरांची किल्ली. ती टाकली की आवृत्ती बदलणार.

“आई कुठंय?”

“भाजी आणायला गेलीय. दहापर्यंत येईल. चहा घे, ती आली की बसू.”

“तिचं काय काम त्यात? तिला धड माऊस धरता येत नाही. आणि अकराला चिंगीला पोहायला सोडायचंय मला.”

चिंगी म्हणजे मास्तरणीची मुलगी, वय वर्षं नऊ. बाबा दारापाशी क्षणभर घुटमळले, मग “बरं” म्हणाले.

जेवणाच्या टेबलावरच लॅपटॉप होता. शेजारी आईचा चष्मा पडला होता. मास्तरणीनं तो बाजूला सारला. आधी बाबांच्या सगळ्या फायली पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या, मागाहून बोंब नको म्हणून. मग सेटिंग उघडून ‘किल्ली बदला’वर आली. पाच-पाच अक्षरांच्या पाच गटांची जागा रिकामी.

“द्या कार्ड.”

बाबांनी ड्रॉवर उघडला, आत हात फिरवला आणि एक कार्ड काढलं. “मी वाचतो. तू टाइप कर. पटकन होईल.” खिडकीजवळच्या खुर्चीत बसून त्यांनी कार्ड हातभर लांब धरलं.

“के, सात, टी, नऊ, एम.”

“हं.”

“डी, दोन, डब्ल्यू, डब्ल्यू, चार.”

कुठं अडखळले नाहीत. बी की आठ असा घोळ नाही, डोळे बारीक करणं नाही. पाढे म्हणावेत तसे ठेक्यात पाचही गट संपले. मास्तरणीनं बटण दाबलं. किल्ली चालली. पडदा काळा झाला, मध्ये गोल फिरू लागलं, खाली आकडे: सात टक्के, अकरा टक्के.

“एका दमात! शाळेत पोरं पाच वेळा चुकतात. आणा ते कार्ड, फोटो काढून ठेवते.”

“राहू दे, मी ठेवतो नीट.” बाबांनी ते शर्टाच्या खिशात घातलं.

तिनं हसत खिशातून ओढून घेतलं. पाहिलं. उलटं करून पाहिलं. पुन्हा सुलटं केलं.

ते प्रेशर कुकरच्या हमीचं कार्ड होतं. कुकरचं चित्र, दुकानदाराचा शिक्का आणि खाली आईची सही. के नाही, सात नाही, काही नाही.

“बाबा, हे कुकरचं कार्ड आहे.”

“हो का?” बाबा म्हणाले.

एवढंच. पण त्या ‘हो का’नं ती चपापली. चोरी पकडली गेलेल्या लहान पोरानं म्हणावं, तसं ते आलं होतं.

“बाबा, माझ्याकडे बघा.”

त्यांनी पाहिलं, म्हणजे मान वळवली. पण नजर तिच्या चेहऱ्यावर टेकली नाही, खांद्याशेजारून निघून गेली. “मधलं दिसत नाही गं,” ते म्हणाले. “कडेकडेचं दिसतं. आत्ता तुझे कान दिसतायत. तोंड नाही दिसत.”

मास्तरीण उभीच राहिली. दर रविवारी ती याच टेबलाशी त्यांच्यासमोर बसून जेवली होती. याच खुर्चीत. समोरासमोर.

“कधीपासून?”

“दीड वर्ष झालं असेल.”

“आणि ती अक्षरं?”

“पाठ केली. काल आईनं चार वेळा वाचून दाखवली. तू येशील तेव्हा ती असणारच होती, पण म्हटलं, असू दे हाताशी.” मग जरा थांबून, “बरोबर आली ना सगळी?”

तिला हसावं की रडावं कळेना. पडद्यावर चौसष्ट टक्के झाले होते.

तेवढ्यात लॅच उघडलं. आई पिशवी घेऊन आत आली. तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला, लेकीच्या हातातलं कार्ड पाहिलं आणि पिशवी हळूच खाली ठेवली.

“कळलं वाटतं,” ती म्हणाली.

“आई, मग काम कोण करतं? आठ पुस्तिका कोणी केल्या?”

“पहिल्यांदा मी मोठ्यानं वाचायची, हे सांगायचे, मी टाइप करायची. आता चारेक महिने मीच करते. शेवटी यांना वाचून दाखवते, हे चुका काढतात. झडपेला मी पडदा म्हणत होते, त्यावरून एक दिवस बोलत नव्हतो आम्ही.”

“तू? तुला टाइप करता येतं?”

“तूच आली होतीस की शिकवायला. दहा मिनिटांत उठलीस. म्हणालीस, आई, तुझ्याच्यानं नाही व्हायचं.”

आईच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्तच लागलं. मास्तरीण काही बोलणार, तोच तिच्या डोक्यात दुसरंच चमकलं.

“बुधवारी तुम्ही चिंगीला शाळेतून आणता. स्कूटरवरून!”

“छे गं,” आई म्हणाली. “स्कूटरची किल्ली मी गेल्या वर्षीच डाळीच्या डब्यात टाकलीय. चालत येतात दोघं. चिंगी हात धरून आणते.”

“म्हणजे चिंगीला माहितीय?”

“तिला पहिल्याच दिवशी कळलं,” बाबा म्हणाले. “म्हणाली, आजोबा, तुम्ही पायऱ्या बघत नाही, मोजता.”

पोरीला कळलं, आईला कळलं, आणि आपण, जगाच्या चुका काढणाऱ्या, ठार आंधळ्या.

“मला का नाही सांगितलं?” ती ओरडलीच. “काय समजता काय मला?”

“सांगितलं असतं, तर काम बंद करायला लावलं असतंस,” बाबा म्हणाले.

लावलंच असतं तिनं. पहिल्याच दिवशी.

“डॉक्टरकडे गेला होतात?”

आईच बोलली, “मी सांगून सांगून थकले. म्हणायचे, वय झालं, चालायचंच.”

लॅपटॉप पुन्हा सुरू होऊन नव्या आवृत्तीचं स्वागत दाखवत होता. तिकडं कोणी पाहिलं नाही.

सोमवारी रजा टाकून ती बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, आईही सोबत आली. डॉक्टरबाईंनी डोळ्यांच्या आतले फोटो काढले, पडद्यावर दाखवले. उजव्या डोळ्याचं मधलं गेलं ते गेलं. डाव्याचं आहे तेवढं राखता येईल, दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल. “वर्षभर आधी आला असतात तर...” त्या म्हणाल्या, आणि आईकडे लक्ष जाताच पुढचं त्यांनी गिळलं. परतताना रस्ताभर बाबाच आईचा हात थोपटत राहिले.

मास्तरणीनं चिंगीला घरी धारेवर धरलं. चिंगी शांतपणे म्हणाली, “आजोबा म्हणाले, आईला सांगायचं नाही. मी म्हटलं, ठीक आहे, पण रस्ता कधी ओलांडायचा ते मी ठरवणार.”

कंपनीला पत्र आईनं लिहिलं, काही न लपवता. दोन दिवसांनी तिथल्या साहेबांचा फोन आला.

“म्हणजे शेवटच्या पुस्तिका तुम्ही केल्यात?”

“हो. यांनी तपासल्यात.”

साहेब म्हणाले, “करार तुमच्या नावानं नव्यानं करावा लागेल. आणि हे आधी कळवायला हवं होतं.”

“हवं होतं,” आई म्हणाली.

पुढच्या रविवारी मास्तरणीनं डिस्कचं कुलूप लावलं. मग मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा आवाज सुरू केला आणि आईची नवी पुस्तिका उघडली. बाबा मान कलती करून ऐकू लागले. एक पान झालं, दोन झाली.

“कोण आहे ही बाई?” ते वैतागून म्हणाले. “स्वल्पविराम खाते सगळे. हिच्यापेक्षा तू बरी.”

“मग वाचू का मी?” आईनं विचारलं.

“वाच.”

आईनं चष्मा लावला. मास्तरीण उठून जाणार होती, पण बसून राहिली. पुस्तिका सत्तर पानांची होती. तिनं आईचं काम पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं.