ग्लासात उगवलेलं विष

कुत्रं केव्हाच मेलं होतं, तरी गल्लीत त्याच्यावर काठ्या पडतच होत्या. उरलेली गर्दी विषउताऱ्या बाबाच्या खोलीत घुसली होती. त्या कुत्र्याने साबण कारखान्यातल्या कढईवाल्याच्या पोरीची पोटरी फाडली होती. बाप तिला घट्ट दाबून बसला होता. शेगडीत सळई लाल होत होती.

बाबाने जखमेवरून बोट फिरवून पाण्याच्या ग्लासात झटकलं. बघता बघता तळातून निळी शिंगं फुटली, त्यांना फांद्या आल्या. लोकांनी हात जोडले.

"विष जिवंत आहे," बाबा म्हणाला. "आज ग्लासात वाढतंय, उद्या पोरीच्या पोटात भुंकेल. डाग दिला की खाक. सुई टोचाल तर चवताळेल."

बाबाच्या चेल्याने सळई उचलली, तोच दवाखान्यातली नर्सबाई गर्दी रेटत आली आणि तिने त्याचा हात धरला. चेल्याने तिच्या तोंडावर ठोसा हाणला. ओठ फाटला, पण पकड सुटली नाही. झटापटीत ग्लास बापाच्या हातावर उपडा झाला.

पाणी बुळबुळीत होतं. शेगडीच्या धगीने बोटांवर काचेसारखा पापुद्रा धरला. रोज कामावरून सुटताना तो हाच पापुद्रा नखाने खरवडत असे.

"हे पाणी नाही," तो म्हणाला. "आमचं सिलिकेट आहे. साबणात घालतो ते."

बाबा दाराकडे सरकला. बापाने त्याची मूठ पिरगळून उघडली, तेव्हा बोट कडकन मोडलं. नखांत मोरचुदाचे निळे खडे होते. काठ्या आता बाबाकडे वळल्या.

"एक कुत्रं मारलंत, पुरे झालं. याला पोलीस बघतील," नर्सबाई रक्त थुंकत म्हणाली. सिलिकेटात मोरचूद टाकलं की अशी झाडं उगवतातच, तिने सांगितलं. वाढतं ते सगळं जिवंत नसतं.

"मग खरं विष जिवंत की मेलेलं?" बापाने विचारलं.

"तो रेबीजचा विषाणू. बाहेर खात नाही, वाढत नाही. शरीरात शिरला की आपल्याच पेशींकडून स्वतःसारखे हजारो करून घेतो. त्याला जिवंत म्हणावं का, यावर शहाणी माणसं अजून भांडतात. भांडोत. त्याच्यावर चरबीचं आवरण असतं आणि ते साबणाने फुटतं. तू ढवळतोस त्याच साबणाने."

पंधरा मिनिटं नळाखाली बाप जखम धूत होता, पोरगी किंचाळत त्याला लाथा मारत होती. मग तिला खांद्यावर टाकून तो लसीसाठी धावला.

मुलांनो, कुत्रं चावलं तर साबण, वाहतं पाणी आणि त्याच दिवशी लस, तीही सगळे डोस. आणि कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा, ग्लासात काय आहे?